घरून कामाचे पहिले व्हिडिओ कॉल: कपडे कसे निवडायचे, कसे तपासायचे

नोकरी पुण्यातल्या कंपनीत आणि बसणं साताऱ्यात, लातुरात नाहीतर जळगावात, घरातल्याच एका खोलीत. अशी सुरुवात करणारी मुलंमुली आता गावोगाव आहेत. त्यांना लॅपटॉप घरपोच मिळतो, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) कसं लावायचं ते कोणीतरी फोनवर समजावतं, पण कॅमेरा चालू करून बसताना अंगात काय असावं हे कोणी सांगत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. मग एखादा भर उन्हाळ्यात कोट चढवून बसतो. एखादी चांगला कुर्ता घालूनही कॅमेरा बंद ठेवते, कारण आपण त्यात कशा दिसतो याची तिला खात्री नसते.

नव्या माणसांना टीममध्ये रुळवणं हे माझं काम आहे, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठीच लिहिते आहे. यासाठी नवे कपडे घ्यावे लागत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कॉलवर समोरच्याला तुमचं वीतभर कापड दिसतं, गळ्यापासून छातीपर्यंतचं. ते कॅमेऱ्याला कसं दिसतं हे एकदा नीट पाहून घेतलं की रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून विचार करावा लागत नाही. आरशात छान दिसणारा कपडा कॅमेऱ्यात तसाच दिसेल याची मात्र खात्री धरू नका. सगळी गोम तिथेच आहे.

घरात बसून काम आहे तर घरचे कपडे चालतील, या समजुतीचा फटका भल्याभल्यांना बसला आहे. एप्रिल २०२० मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात जामीन अर्जाची सुनावणी व्हिडिओवर चालू असताना एक वकील बनियनवर दिसले आणि न्यायालयाने सुनावणीच पुढे ढकलली. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक वकील टी-शर्ट घालून पलंगावर पहुडलेले दिसले. त्यांना माफी मागावी लागली. खरं तर त्याआधीच, १३ मे २०२० च्या परिपत्रकाने, सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या कारणाने काळा कोट आणि गाऊन यांतून वकिलांना सूट दिली होती. व्हिडिओ सुनावणीसाठी साधा पांढरा शर्ट, पांढरा सलवार-कमीज किंवा पांढरी साडी आणि गळ्याशी पांढरा बँड एवढं पुरे, असं त्यात म्हटलं होतं. कारण साथीचं असलं तरी त्यातून निघालेला हिशेब मला आजही पटतो: कोट नसला तरी चालेल, पण गळ्याशी जे दिसतं ते साधं आणि नीटनेटकं हवं. आपल्या नोकऱ्यांनाही तो तसाच्या तसा लागू पडतो.

आधी विचारून घ्या

रुजू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी एचआरला किंवा तुम्हाला नेमून दिलेल्या बडीला, म्हणजे सुरुवातीला मदत करणाऱ्या सहकाऱ्याला, सरळ मेसेज करा: "नमस्कार मॅडम, सोमवारच्या ओळखीच्या कॉलला कॅमेरा चालू ठेवायचा आहे ना? टीममध्ये कॉलवर साधारण कसे कपडे घालतात?" हा प्रश्न अजिबात बावळट नाही. विचारणाऱ्याबद्दल चांगलंच मत होतं.

उत्तर "काहीही चालतं" असं आलं, आणि आयटीत ते बहुधा तसंच येतं, तरी पहिला आठवडा कॉलरचा शर्ट किंवा बंद गळ्याचा कुर्ता घाला. त्या आठवड्यात लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, काय घालतात, क्लायंटकडचे लोक काय घालतात ते बघा. टीमच्या सकाळच्या स्टँड-अपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, सगळे टी-शर्टवर असतील तर तुम्हीही साधा, बिनचित्राचा टी-शर्ट घाला. क्लायंट कॉल, डेमो किंवा वरिष्ठांसोबतचा आढावा असेल तर लीडइतकं किंवा त्याहून किंचित नीट राहा. बँका, विमा आणि वकिली यांत कॉलरला पर्याय नाही. मुलाखत असेल तर कंपनी कितीही मोकळीढाकळी असली तरी फॉर्मलच. काही कंपन्या मुलाखतीच्या वेळी ओळख पटवण्यासाठी स्क्रीनशॉट घेऊन ठेवतात, तेव्हा चेहरा स्वच्छ दिसेल असं बसा.

कॉल किती वाजता असतील हेही याच वेळी विचारा. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला पडतो आणि हिवाळ्यात साडेसातला. लंडनच्या सकाळी दहाचा कॉल आपल्या दुपारी अडीच किंवा साडेतीनला. वेळेवर उजेड अवलंबून, आणि उजेडावर कपड्याचा रंग. म्हणून पुढची सगळी तपासणी कॉलच्याच वेळी करायची आहे.

तुमची चौकट ठरवा

कपड्यांना हात लावण्याआधी कॅमेऱ्यात काय काय येतं ते पक्कं करा. लॅपटॉप जाड पुस्तकांवर किंवा रिकाम्या खोक्यावर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. स्क्रीनपासून हातभर लांब बसा. डोक्यावर चारेक बोटं जागा सुटली पाहिजे आणि खाली शर्टाचं दुसरं-तिसरं बटण दिसलं पाहिजे. एवढीच चौकट. कॅमेरा खाली राहिला तर समोरच्याला तुमची हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. तो फार वर गेला तर वरून गळ्यात डोकावतो, हे कुर्ता घालणाऱ्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावं.

फोनवरून कॉल करत असाल तर फोन आडवा ठेवा आणि कशाला तरी टेकवा. उभ्या फोनमध्ये थोडं मागे बसलं की मांडीपर्यंतचं दिसतं आणि मग सलवारीपासून खुर्चीवरच्या चादरीपर्यंत सगळंच सांभाळावं लागतं.

कपाट कॅमेऱ्यासमोर तपासा

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत तर हे करा. एखाद्या रविवारी तास-दीड तास काढा, कॉलची जी वेळ असेल तीच वेळ.

कपाटातले जे शर्ट, कुर्ते, टॉप तुम्हाला बरे वाटतात ते सगळे पलंगावर काढून ठेवा. कामाच्या खुर्चीत बसा. लॅपटॉपवरून स्वतःची एक मीटिंग सुरू करा आणि त्याच मीटिंगमध्ये घरातल्या दुसऱ्या फोनवरून सामील व्हा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. फोनचा माइक आणि स्पीकर बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमून किंचाळल्यासारखा येतो. आता लॅपटॉपकडे न बघता फोनच्या पडद्याकडे बघा. लॅपटॉपवर जे स्वतःचं चित्र दिसतं ते थेट कॅमेऱ्यातून आलेलं, स्वच्छ असतं. समोरच्याला मिळतं ते दाबून लहान केलेलं, नेटवरून गेलेलं चित्र. फोनवर तुम्हाला तेच दिसेल. लॅपटॉपवर झकास दिसणारा बारीक चौकडीचा शर्ट फोनवर मळकट गोळा झालेला दिसतो, तेव्हा ही खटपट कशासाठी ते कळतं.

एकेक कपडा घालून हे करा: सरळ बसा, बोला, पुढे वाकून टाइप केल्यासारखं करा, पाणी प्यायला हात वर न्या, बाजूला वळून वही उचला. दर कपड्याचा फोनवर स्क्रीनशॉट घ्या. वाकल्यावर गळा उघडा पडतो का? खांदा घसरतो का? वळल्यावर कॉलर कोटाच्या किंवा जॅकेटच्या आत जाते का? बसल्या बसल्या शर्ट वर सरकून गळ्याशी फुगा होतो का? शेवटी सगळे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून घरातल्या कोणाला तरी दाखवा आणि "यात चेहरा कुठे आधी दिसतो?" एवढंच विचारा. कोणता कपडा सुंदर आहे ते विचारू नका. ज्यात चेहरा आधी दिसतो तो कॉलचा कपडा.

असे चार-पाच निघाले की झालं. ते एका खुंटीवर किंवा कपाटाच्या एका बाजूला वेगळे लावा. रोज तेच फिरवून घाला. तुम्ही मंगळवारी काय घातलं होतं हे शुक्रवारी कोणाच्या लक्षात नसतं. आठवड्याला एकदाच भेटणाऱ्या क्लायंटसमोर तेवढा लागोपाठ एकच शर्ट टाळा.

एक गोंधळ इथेच दूर करते. बहुतेक ॲपमध्ये तुमचं चित्र तुम्हाला आरशासारखं, उलटं दिसतं; इतरांना सुलटं दिसतं. टी-शर्टवरची अक्षरं तुम्हाला वाचता येत नाहीत म्हणून इतरांनाही येत नसतील असं समजू नका. त्यांना ती स्पष्ट वाचता येतात.

रंग

कॅमेऱ्याला सगळं चित्र मिळून उजेड ठरवायचा असतो. चौकटीत पांढरं फार झालं, म्हणजे मागे पांढरी भिंत आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट, की तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळं फार झालं की उजेड वाढवतो, चेहरा फटफटीत होतो आणि काळ्या शर्टाची कॉलर, बटणं सगळं एकात एक मिसळून जातं. आपल्याकडच्या खोल्या बहुधा पांढऱ्या, मोतिया किंवा फिक्या पिवळ्या रंगाच्या असतात. अशा भिंतीपुढे मधले रंग सगळ्यात चांगले: आकाशीपेक्षा थोडा गडद निळा, मोरपंखी, शेवाळी, डाळिंबी, वांगी, मध्यम राखाडी, विटकरी. पांढरा घालायचाच असेल तर त्यावर गडद जॅकेट घाला किंवा मागे गडद पडदा सोडा. भिंतीच्याच रंगाचा कपडा टाळा. मोतिया भिंतीपुढे मोतिया कुर्ता घातला की नुसतं डोकं तरंगताना दिसतं.

सावळ्या वर्णाच्या मुलामुलींना याचा जास्त त्रास होतो, कारण मागची उजळ भिंत आणि चेहरा यांत कॅमेरा भिंतीची बाजू घेतो. त्यावर उपाय समोरचा उजेड वाढवणं आणि भिंतीचा उजळपणा कमी करणं हाच आहे. चेहरा गोरा करणारे फिल्टर कृपा करून लावू नका. त्याने चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात, आणि तुमच्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. डाळिंबी, मोरपंखी आणि गर्द निळा हे रंग सावळ्या चेहऱ्याला कॅमेऱ्यात फार खुलवतात, हे मी अनेक नव्या मुलींना आवर्जून सांगते.

भडक राणी, लिंबू, भगवा, चकाकता लाल यांची झाक हनुवटीवर आणि गालांवर पडते. लाल रंगाचा डाग कमी नेटवर पसरल्यासारखाही दिसतो. असे रंग आवडत असतील तर त्यांची ओढणी किंवा काठ ठेवा, सगळा कपडा नको.

नक्षीचं म्हणाल तर बारीक पट्टे, बारीक चौकडी आणि दाट ठिपके या तीन गोष्टी बाजूला काढा. कॅमेऱ्याच्या आत बिंदूंची एक जाळी असते. कापडावरच्या बारीक रेघा त्या जाळीत बसत नाहीत आणि शर्टावर लाटा नाचताना दिसतात. शिवाय व्हिडिओ ॲप दर क्षणी जेवढं बदललं तेवढंच मुख्यतः पाठवतं. बारीक नक्षी तुमच्या प्रत्येक श्वासाबरोबर बदलते, त्यामुळे पाठवायचं फार होतं, आणि नेट कमी पडलं की सगळं धुरकट होतं. तालुक्याच्या गावात पावसाळ्यात नेट रडतं तेव्हा साधा, एकरंगी कपडा तुमचं चित्र टिकवून धरतो. मोठे, विरळ बुट्टे चालतात. इकतची मोठी नक्षीही चालते.

आभासी पार्श्वभूमी, म्हणजे खोलीऐवजी मागे एखादं चित्र, वापरणार असाल तर ती लावूनही एकदा तपासा. मागे हिरवं कापड लावून ती वापरणाऱ्यांनी हिरवा कपडा घालू नये, त्या जागी भोक पडल्यासारखी पार्श्वभूमी दिसते. हिरवं कापड नसेल तर तुमची कड कुठे संपते याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधतं, आणि मोकळे केस, फुगीर बाह्या, झुळझुळीत ओढणी यांच्या कडा तोडून टाकतं. नव्या माणसाने मागची भिंत मोकळी करावी किंवा नुसतं धूसर करणारा पर्याय घ्यावा. दोरीवर वाळत घातलेले कपडे मात्र धूसर करूनही ओळखू येतात, ते काढाच.

कॉलर आणि गळा

मुलग्यांचं थोडक्यात. कॉलर उभी राहिली पाहिजे. धुऊन धुऊन मऊ पडलेली कॉलर कॅमेऱ्यात सगळ्यात आधी दिसते, आणि टी-शर्टाची कॉलर तर टोकाशी वळतेच. शर्टाचं अंग चांगलं आहे, फक्त कॉलर विरली आहे, असं असेल तर शिंप्याकडे जाऊन कॉलर उलटवून घ्या. आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या शर्टांना हे सर्रास करत, आणि चांगला शिंपी अजूनही करून देतो. शर्ट पँटमध्ये खोचून बसा. त्याने तो वर सरकत नाही आणि कॉलर जागेवर राहते. वरचं एकच बटण उघडं ठेवा. त्यातून बनियनचा गोल गळा डोकावतो का ते बघा. डोकावत असेल तर व्ही गळ्याचं बनियन घ्या. पातळ पांढऱ्या शर्टाखाली पांढऱ्या बनियनची रेघ उठून दिसते, राखाडी बनियन त्यामानाने कमी दिसतं. कोट घालणं भाग असेल, समजा बँकेची मुलाखत आहे, तर बसताना त्याची मागची खालची कड ओढून तिच्यावर बसा. मग खांदे वर चढत नाहीत.

मुलींसाठी बंद गळ्याचा किंवा लहान उभ्या कॉलरचा साधा सुती कुर्ता हा माझ्या मते कॉलसाठीचा सगळ्यात उत्तम कपडा. वाकलं तरी गळा हलत नाही, ओढणी लागत नाही, घरात वावरायलाही सोपा. रुंद, बोटीच्या आकाराचा गळा आरशात छान दिसतो, पण चौकट खांद्यांपाशीच कापली गेल्याने कॅमेऱ्यात कपडाच दिसेनासा होतो. बिनबाह्यांच्या कुर्त्याचंही तसंच. वर पातळ जॅकेट घातलं की प्रश्न मिटतो. खणाचं किंवा खादीचं जॅकेट दोन-तीन साध्या कुर्त्यांवर फिरवता येतं. पुढून बटणं असलेल्या कुर्त्याला दोन बटणांच्या मध्ये फट पडत असेल तर तिथे आतून टिचबटण लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि दिवसभर हात तिथे जात नाही.

ओढणी घ्यायची तर दोन्ही खांद्यांवर पिन करून घ्या. घसरणारी ओढणी सावरत बोलणाऱ्या माणसाचं बोलण्यावरचं लक्ष उडतं आणि ऐकणाऱ्याचंही. साडी नेसत असाल तर जरूर नेसा. मऊ सुती किंवा हातमागाची, पदराच्या निऱ्या घालून खांद्यावर पिन केलेली साडी कॉलवर फार रुबाबदार दिसते. खूप खळ घातलेली साडी हलताना करकरते आणि ते माइकमध्ये ऐकू येतं. पैठणीसारखी जरीची साडी समोरच्या दिव्याने चमकून उठते, म्हणून ती टीमच्या दिवाळीच्या कॉलसाठी राखून ठेवा.

बाळंतपणाच्या रजेवरून परत येणाऱ्या मुलींनी पुढे बटणं असलेले, गडद रंगाचे, साधे सुती कुर्ते कॉलसाठी वेगळे काढावेत. गडद रंगावर ओल पटकन दिसत नाही, आणि दोन कॉलच्या मधल्या वेळात बाळाला घेणं सोपं जातं. हिजाब घालणाऱ्यांनी चमक नसलेलं, एकरंगी कापड निवडावं आणि हेडफोन आत घालायचा की वरून, हे आधीच ठरवून आवाज तपासावा.

टिकली, मंगळसूत्र, नथ, पगडी, दाढी यांबद्दल मला नेहमी विचारतात. यातलं काहीही काढायची गरज नाही. फक्त खुळखुळणारं काही नको. काचेच्या बांगड्या टेबलावर आपटतात, लांब मंगळसूत्राच्या वाट्या हेडफोनच्या वायरवरच्या माइकला घासतात आणि समोरच्याला तुमच्या शब्दांऐवजी खरखर ऐकू येते. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत टाका, बांगड्या कॉलपुरत्या टाइप करणाऱ्या हातातून काढून ठेवा. लोंबणाऱ्या झुमक्यांचाही हेडफोनला आवाज लागतो.

इस्त्री: फक्त दिसतं तेवढ्याची

परीटघडीचा कपडा रोज मिळणं कठीण. सुरकुत्या मात्र कॅमेऱ्यात उजेडाने ठळक होतात, त्यातही बाजूच्या खिडकीतून उजेड येत असेल तर जास्तच. वेळ कमी असेल तेव्हा सगळा शर्ट करत बसू नका. कॉलरवर पाण्याचा हात फिरवा. कॉलर उघडी पसरून आधी उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, दोन्ही टोकांकडून मध्याकडे. मध्यापासून टोकाकडे गेलात तर कापड पुढे सरकून टोकापाशी चुणी जमते, आणि तीच चुणी कॅमेऱ्यात बरोबर हनुवटीखाली येते. मग सुलट बाजू, तशीच. त्यानंतर खांद्यांचा वरचा भाग, आणि शेवटी बटणपट्टी वरून तिसऱ्या बटणापर्यंत, बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक घालून. लगेच घालू नका; गरम कापडाला बसल्या बसल्या नव्या सुरकुत्या पडतात. पाच मिनिटं हँगरला लावा. कुर्त्याचं याहून सोपं आहे, गळपट्टी, खांदे आणि छातीचा भाग.

लिनन कॅमेऱ्यात कितीही नीट केलं तरी चुरगळलेलंच दिसतं. रोजच्या कॉलला सुती आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड जास्त टिकून राहतं. उन्हाळ्यात मात्र ते अंगाला चिकटतं, तेव्हा शुद्ध सुती बरं.

उजेड आणि कापड यांची जोडी

खिडकी पाठीशी नको, समोर हवी. संध्याकाळच्या कॉलला खिडकीचा उपयोग नाही, तेव्हा टेबलदिवा लॅपटॉपच्या मागे, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो आणि चष्म्यात दिव्याचा ठिपकाही दिसत नाही. छतावर पांढरी ट्यूब आणि टेबलावर पिवळा बल्ब अशी जोडी लावू नका. एक गाल निळसर, एक पिवळा होतो आणि धुतलेला पांढरा शर्टही पिवळट, जुना वाटतो. दोन्ही दिवे एकाच छटेचे घ्या.

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर शर्टाला दोष देण्याआधी कॅमेऱ्याची सेटिंग बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि काही वेबकॅम ६० वर लावलेले असतात. फ्लिकर किंवा पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी असा पर्याय दिसला तर तिथे ५० निवडा.

ऋतूप्रमाणे

मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे बसून कोणी तुमच्याकडून कोटाची अपेक्षा करत असेल तर नम्रपणे सांगा की इथे ऊन फार आहे, मी फॉर्मल शर्टवर बसते किंवा बसतो. कोणीही समजून घेतं. अर्ध्या बाह्यांचा कडक कॉलरचा सुती शर्ट पुरेसा फॉर्मल आहे. कपाळावर घामाची चमक येते, तेव्हा मऊ रुमाल हाताशी ठेवा आणि कॅमेरा सुरू करण्याआधी टिपून घ्या. कूलरचा झोत थेट अंगावर नको. केस आणि ओढणी उडतात, माइकमध्ये घोंघावतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर कपडे वाळता वाळत नाहीत. त्या दिवसांत इस्त्री केलेले दोन जोड नेहमी तयार राहतील असा हिशेब ठेवा आणि धुण्याची पाळी त्याप्रमाणे लावा. ढगांमुळे कॉल चालू असताना उजेड भराभर बदलतो, म्हणून दिवसाही समोरचा दिवा लावून ठेवा.

कमरेखालचं

पूर्ण पँट किंवा सलवार घालाच. दारावर कुरिअरवाला येतो, वीज जाते, चार्जर लांब असतो. उठावं लागतं आणि उठताना कॅमेरा बंद करायचं राहून जातं.

याचा घरातही उपयोग होतो. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांत पाच माणसं असताना, कॉल चालू आहे हे दरवेळी ओरडून सांगता येत नाही. वहिनीने निळा कुर्ता घातला की ती कामावर आहे, दादाने शर्ट खोचला की आत जायचं नाही, हे घरातल्या लहान मुलांनाही चार दिवसांत कळतं. कॉल संपला की कपडा उतरवून खुंटीला लावा. तोच घालून फोडणी टाकायला गेलात तर हळदीचा डाग नेमका कॉलरवर पडतो.

अचानक कॉल आला तर

कधीतरी "दोन मिनिटांत जॉइन करा, कॅमेरा ऑन" असा मेसेज येणारच. त्यासाठी खुर्चीच्या जवळच एक तयार जोड टांगलेला असू द्या, मुलग्यांनी गडद निळा शर्ट, मुलींनी जॅकेट किंवा बंद गळ्याचा कुर्ता. घरचा टी-शर्ट काढायला वेळ नसेल तर वरून जॅकेट चढवा आणि बटणं लावा. "येते आहे, एक मिनिट" असा मेसेज टाका, म्हणजे घाई कमी होते. केसांवरून कंगवा, कपाळावरून रुमाल. समोरचा दिवा लावा. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल काढा. मीटिंगमध्ये शिरण्याआधी ॲप तुमचं चित्र दाखवतं, तिथे तीनच गोष्टी बघा: कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी बसली आहे का, चेहऱ्यावर उजेड आहे का, मागून कोणी जात नाही ना. मग जॉइन व्हा.